संगणकाच्या उत्तराचा ताळा

प्राथमिक शाळेत भागाकार शिकविताना गुरुजी एक सवय लावीत असत. उत्तर आले की लगेच पाटी दाखवावयाची नाही. आधी ताळा पाहावयाचा. भाजकाला भागाकाराने गुणावे, त्यात बाकी मिळवावी आणि मूळ भाज्य परत मिळते की नाही ते तपासावे. मिळाले तर उत्तर बरोबर. पुढे माध्यमिक शाळेत एकसामयिक समीकरणे आली तेव्हाही हीच रीत होती. ‘क्ष’ आणि ‘य’ यांच्या किमती काढून त्या मूळ समीकरणांत घालून पाहावयाच्या; डावी बाजू व उजवी बाजू समान आल्या की निश्चिंत व्हावयाचे.

आज दोन समीकरणांच्या जागी दोन हजार, प्रसंगी दोन लक्ष समीकरणे एकदम सोडविण्याचे काम संगणक करतो. धरणाच्या भिंतीवरील ताण, पुलाच्या कमानीचे बळ, हवामानाचा अंदाज, विजेच्या जाळ्यातील प्रवाह आणि गावाच्या नळयोजनेतील दाब या साऱ्यांच्या मुळाशी समीकरणांचे मोठमोठे संच असतात. उत्तरे छापील तक्त्यात, दशांश चिन्हापुढे सहा-सहा आकडे घेऊन येतात. ती पाहून आपला विश्वास बसतो. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असल्याने त्याचा विश्वास इतरांपेक्षा अंमळ लवकर बसतो, हे कबूल केले पाहिजे. म्हणूनच या उत्तरांचा ताळा कसा पाहावयाचा, आणि शाळेतील ताळ्याची रीत येथे कितपत पुरी पडते, याची चौकशी करावीशी वाटली.

तंतोतंत समानता का मिळत नाही?

पहिला धक्का अगदी साध्या ठिकाणी बसतो. संगणकाला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ आहे काय, असे विचारले तर बहुतेक संगणकभाषांत उत्तर ‘नाही’ असे येते. बेरीज छापून पाहिली तर ती ०.३०००००००००००००००४ अशी दिसते. यात यंत्राचा दोष नाही. एक तृतीयांश ही संख्या आपल्याला दशांशात पुरती लिहिता येत नाही, ०.३३३ असे कोठेतरी थांबावे लागते. संगणक दोन अंकांच्या पद्धतीत, म्हणजे केवळ ० आणि १ वापरून, संख्या लिहितो. त्या पद्धतीत एक दशांश ही संख्याच अशी न संपणारी आहे. ठराविक जागेत मावेल तेवढी ठेवून उरलेली सोडून द्यावी लागते. सन १९८५ मध्ये निश्चित झालेल्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे एका संख्येस साधारणतः ६४ द्विअंकी घरे मिळतात आणि त्यांत दशमान पद्धतीचे सुमारे १६ सार्थ अंक राहतात.

तात्पर्य, संगणकाने दिलेली उत्तरे मूळ समीकरणांत घातली तर दोन्ही बाजू हुबेहूब समान येणार नाहीत. शेवटच्या अंकांत कोठेतरी फरक राहील. या फरकाला आपण येथे ‘शेष’ म्हणू. शेष शून्य आहे काय, हा प्रश्न गैरलागू ठरतो. शेष पुरेसा लहान आहे काय, एवढेच विचारावयाचे. आणि लहान म्हणजे कशाच्या मानाने लहान? कोट्यवधी रुपयांच्या ताळेबंदातील एक पैशाचा फरक आणि एक रुपयाच्या हिशेबातील एक पैशाचा फरक सारखे नव्हेत. म्हणून शेष नेहमी समीकरणातील मूळ संख्यांच्या आकारमानाशी ताडून पाहावा लागतो.

एका जिल्हास्तरीय कार्यालयात टक्केवारीच्या स्तंभाची बेरीज ९९.९ आली म्हणून एक विवरणपत्र दोनदा परत पाठविले गेल्याचे प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे. प्रत्येक टक्केवारी जवळच्या एक दशांशापर्यंत लिहिल्यामुळे तसे झाले होते. शेवटी कोणीतरी एका आकड्यात ०.१ ची भर घालून बेरीज शंभर केली आणि पत्र मंजूर झाले. म्हणजे खरी संख्या खोटी करून ताळा जुळविला गेला!

शेष लहान, पण उत्तर चुकलेले

येथपर्यंत गोष्ट समजण्यासारखी आहे. खरी अडचण पुढे आहे. शेष अगदी नगण्य असूनही उत्तर साफ चुकलेले असू शकते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील गणिती विल्यम कहान यांनी यासाठी एक उदाहरण रचले. संख्यांच्या मानकामागील कामाबद्दल १९८९ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळालेले हेच ते कहान. गणिताच्या शिक्षकांनी ते उदाहरण वर्गात जरूर करून पाहावे:

१.२९६९ क्ष + ०.८६४८ य = ०.८६४२
०.२१६१ क्ष + ०.१४४१ य = ०.१४४०

कोणी एकाने उत्तर आणले: क्ष = ०.९९११, य = –०.४८७०. आपण ताळा पाहू. पहिल्या समीकरणाची डावी बाजू ०.८६४१९९९९ येते, हवी होती ०.८६४२. दुसऱ्याची ०.१४४००००१ येते, हवी होती ०.१४४०. दोन्ही ठिकाणी फरक दशांश चिन्हानंतर आठव्या घरात, म्हणजे एकाचा दहा कोटीवा हिस्सा. कोणताही परीक्षक पूर्ण गुण देईल. परंतु या समीकरणांचे खरे उत्तर क्ष = २ आणि य = –२ असे आहे. तेही घालून पाहावे. शेष अगदी शून्य येतो. पहिल्या उत्तरात एकही अंक बरोबर नव्हता आणि तरीही ताळा जवळजवळ जुळत होता.

असे का व्हावे? प्रत्येक समीकरण म्हणजे आलेखावरील एक सरळ रेषा, आणि उत्तर म्हणजे दोन रेषा जेथे छेदतात तो बिंदू, हे आपण शाळेत शिकलो. वरील दोन रेषा जवळजवळ समांतर आहेत. माळरानावर दोन बैलगाड्यांच्या चाकोऱ्या अगदी चिंचोळ्या कोनात एकमेकींस मिळत असतील, तर त्या नेमक्या कोठे मिळाल्या हे बोट ठेवून सांगणे कठीण. बरेच अंतर त्या एकमेकींत मिसळूनच चाललेल्या दिसतात. त्या पट्ट्यातील कोणताही बिंदू दोन्ही चाकोऱ्यांवर असल्यासारखा भासतो. जमीन मोजणी करणाऱ्यांना ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दोन ठिकाणांहून दुरच्या खुणेवर रोख धरून तिचे स्थान काढावयाचे असेल तर ते फार अरुंद कोनाचा त्रिकोण टाळतात, कारण दुर्बिणीतील केसभर चूक जमिनीवर कितीतरी पटींनी वाढते.

या नाजूकपणाचे मोजमाप करणारी एक संख्या असते. तिला इंग्रजी नावानेच ‘कंडिशन नंबर’ म्हणतात. ब्रिटिश गणिती अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे नाव आले. मूळ आकड्यांत झालेली चूक उत्तरात जास्तीत जास्त किती पटींनी वाढू शकेल, हे ती संख्या सांगते. ती दहा असेल तर साधारणतः एक अंक भरवशाचा राहत नाही. एक हजार असेल तर तीन अंक जातात. कहान यांच्या उदाहरणात ती सुमारे ३३ कोटी आहे, म्हणजे आठ ते नऊ अंक हातचे गेले. सोळा अंकांच्या आजच्या संगणकावर तरीही सात-आठ अंक शिल्लक राहतील. आठ अंकी गणकयंत्रावर मात्र काहीच उरणार नाही. बऱ्याच संगणक प्रणाली ही संख्या अजमावून पाहतात आणि ती फार मोठी असल्यास ‘उत्तर अचूक नसण्याचा संभव आहे’ अशी सूचना पडद्यावर देतात. ही सूचना बहुधा वाचली जात नाही. तिच्याखाली उत्तर छापलेले असते ना!

अठरा समीकरणे आणि चार माणसे

या विषयाचा इतिहासही उद्बोधक आहे. सन १९४३ मध्ये अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी असा हिशेब मांडला की, एकेक चल काढून टाकीत समीकरणे सोडविण्याच्या प्रचलित रीतीत प्रत्येक नव्या समीकरणागणिक चूक चौपट होऊ शकेल. तसे असते तर शंभर समीकरणे सोडविण्याचा विचारच सोडावा लागला असता. जॉन फॉन न्यूमन व हर्मन गोल्डस्टाईन यांनी १९४७ साली या प्रश्नाचा सखोल अभ्यास प्रसिद्ध केला. परंतु त्याच्या थोडे आधी, १९४६ च्या सुमारास, इंग्लंडमधील नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत एक प्रत्यक्ष प्रयोग घडला. अठरा समीकरणांचा एक संच तेथे सोडविण्यासाठी आला. फॉक्स, गुडविन, ट्युरिंग आणि जेम्स विल्किन्सन या चौघांनी सिद्धांताची चर्चा बाजूस ठेवून मेजावरील हातयंत्रांवर तो सोडवावयास घेतला. उत्तरे मूळ समीकरणांत घालून पाहिली तेव्हा उजव्या बाजूंशी इतका मेळ बसला की, खुद्द विल्किन्सन चकित झाले.

त्या आश्चर्यातून विल्किन्सन यांनी पुढे जो विचार मांडला तो सामान्य माणसालाही पटण्याजोगा आहे. संगणकाने दिलेले उत्तर खऱ्या उत्तरापासून किती दूर आहे, असे विचारण्याऐवजी त्यांनी विचारले: हे उत्तर कोणत्या प्रश्नाचे अगदी बरोबर उत्तर आहे? त्यांना असे दिसून आले की, चांगल्या रीतीने काढलेले उत्तर हे मूळ प्रश्नाहून किंचित वेगळ्या अशा प्रश्नाचे बिनचूक उत्तर असते. हा किंचित फरक आपल्या मूळ माहितीतील अनिश्चिततेपेक्षा लहान असेल तर यंत्राला बोल लावण्यात अर्थ नाही. जलवाहिनीच्या आतील खरखरीतपणा आपण अदमासे धरला असेल आणि संगणकाने तो दशांशानंतर बाराव्या अंकात बदलल्यासारखे वागून उत्तर दिले असेल, तर तक्रार कोणी कोणाची करावी? शेष लहान असणे याचा खरा अर्थ एवढाच: यंत्राने आपले काम चोख केले. उत्तरावर कितपत विसंबावे हे मात्र प्रश्नाच्या नाजूकपणावर अवलंबून राहते. विल्किन्सन यांना १९७० साली ट्युरिंग पुरस्कार देण्यात आला.

महाराष्ट्राशीही या ताळ्याचा एक धागा जुळतो. जगातील अतिवेगवान संगणकांची क्रमवारी १९९३ पासून वर्षातून दोनदा प्रसिद्ध होते. तिच्यासाठी प्रत्येक संगणकाला समीकरणांचा एक प्रचंड संच सोडवावयास देतात आणि वेळ मोजतात. पण केवळ वेळ पुरेसा नसतो. उत्तर मूळ समीकरणांत घालून, शेष संख्यांच्या आकाराशी ताडून, तो ठरविलेल्या मर्यादेच्या आत आहे काय हे तीच परीक्षा पाहते. नोव्हेंबर २००७ च्या यादीत पुण्याच्या ‘एका’ या महासंगणकाने जगात चौथा क्रमांक मिळविला तो याच परीक्षेतून.

एकाहून अधिक उत्तरे

वर्ग, घन किंवा वर्गमुळे असलेल्या समीकरणांत आणखी एक पेच असतो. समजा, क्ष + ६ याचे वर्गमूळ क्ष इतके आहे. दोन्ही बाजूंचा वर्ग करून सोडविले तर क्ष = ३ आणि क्ष = –२ अशी दोन उत्तरे मिळतात. मूळ समीकरणात घालून पाहता ३ जुळते; –२ जुळत नाही, कारण ४ चे वर्गमूळ २ आहे, –२ नव्हे. वर्ग करताना हे उपरे उत्तर आत शिरले. ते ताळ्याने हुडकता येते. मात्र ताळा नेहमी मूळ समीकरणातच पाहावा. वर्ग केलेल्या समीकरणात तो पाहिला तर उपरे उत्तरही खरे ठरते. उलट, संगणकाने दोन खऱ्या उत्तरांपैकी एकच शोधून दिले असेल, तर राहून गेलेल्या उत्तराचा पत्ता कोणताही ताळा देऊ शकत नाही. अशा समीकरणांत यंत्र एखाद्या अंदाजापासून आरंभ करून पायरीपायरीने उत्तराकडे सरकते. निरनिराळ्या अंदाजांपासून आरंभ करून पाहणे हाच व्यवहारी उपाय.

समीकरणेच चुकली तर?

दिनांक २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेमध्ये स्टाव्हांगर शहराजवळच्या खाडीत ‘स्लाइपनर अ’ या तेलवायू-मंचाचा काँक्रीटचा प्रचंड पाया पाण्यात उतरवून पाहण्यात येत होता. एका पोकळ कप्प्याची भिंत फुटली आणि सारा पाया तळाशी गेला. मनुष्यहानी झाली नाही. आर्थिक हानी सुमारे ७० कोटी डॉलरची झाली. चौकशीत निष्पन्न झाले ते असे: भिंतींवरील बळे काढताना रचनेचे जे लहान लहान तुकडे कल्पिले होते ते काही ठिकाणी फार ओबडधोबड होते. त्यामुळे कातरणारे बळ ४७ टक्क्यांनी कमी धरले गेले व भिंती पातळ ठेवल्या गेल्या. अपघातानंतर बारकाईने हिशेब केला असता ६२ मीटर खोलीवर भिंत फुटेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती.

येथे संगणकाने दिलेली समीकरणे नीट सोडविली होती. त्या उत्तरांचा ताळा पाहिला असता तर तो जुळलाच असता. चूक समीकरणे मांडण्यात होती. तुकडे बारीक करून तोच हिशेब पुन्हा केला असता आणि उत्तर बदलते की स्थिर राहते एवढे पाहिले असते, तर दोष उघड झाला असता.

नळयोजनेचा तक्ता

आता गावाकडे वळू. अनेक वाड्या-वस्त्यांच्या नळयोजनेचा आराखडा करताना जलवाहिन्यांतील प्रवाह आणि दाब संगणकावर काढतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ मध्ये उपलब्ध करून दिलेली ‘ईपानेट’ ही विनामूल्य प्रणाली यासाठी जगभर वापरली जाते, मुंबईच्या आय.आय.टी.नेही ‘जलतंत्र’ नावाची प्रणाली तयार केली आहे. अशा हिशेबाचा तक्ता आराखड्यास जोडलेला असतो. पाणीपुरवठा समितीच्या सदस्यांनी तो कंत्राटाच्या कागदांबरोबर बांधून ठेवू नये. त्याचा ताळा पाहण्यास बेरीज-वजाबाकी पुरते.

समजा, टाकीतून पहिल्या जोडापाशी सेकंदाला ९ लिटर पाणी येते व तेथील वस्ती २ लिटर घेते. उरलेले ७ लिटर दोन वाटांनी फुटते: पाटीलवस्तीकडे ४.५ आणि शाळेकडे २.५. पाटीलवस्ती ३ लिटर घेऊन १.५ पुढे सोडते. शाळेचा भाग १ लिटर घेऊन १.५ पुढे सोडतो. आणि दोन्ही वाटा माळवस्तीवर मिळून तिला ३ लिटर देतात. प्रत्येक जोडावर येणारे पाणी म्हणजे घेतलेले अधिक पुढे गेलेले. हा पहिला ताळा जुळला.

परंतु पाटीलवस्तीकडे ४ आणि शाळेकडे ३ लिटर जाते असे धरले, तरीही हा ताळा जुळतो. पुढे अनुक्रमे १ आणि २ लिटर जातील आणि माळवस्तीला ३ लिटर मिळतीलच. मग खरे कोणते? येथे दुसरा ताळा लागतो. वाहताना घर्षणाने पाण्याचा दाब घटतो आणि तो उंचीच्या मीटरमध्ये मोजतात. पहिल्या जोडापासून माळवस्तीपर्यंत कोणत्याही वाटेने गेले तरी एकूण घट सारखीच यावयास हवी, कारण माळवस्तीच्या जोडावर दाब एकच असणार. पहिल्या वाटपात पाटीलवस्तीच्या वाटेने २.६ आणि १.१ मिळून ३.७ मीटर, आणि शाळेच्या वाटेने २.९ आणि ०.८ मिळून ३.७ मीटर घट असेल, तर ते वाटप खरे. त्याच वाहिन्यांत दुसरे वाटप मांडले तर एका वाटेने सुमारे २.६ आणि दुसऱ्या वाटेने सुमारे ५.४ मीटर घट येते, कारण प्रवाह दुप्पट केला तर घट साडेतीन पटींहूनही अधिक वाढते. अशा तऱ्हेने पाणी वाहणे शक्य नाही.

संगणक हे दोन्ही ताळे पायरीपायरीने जुळवीत जातो. एका पायरीहून दुसऱ्या पायरीत प्रवाहांत होणारा एकूण बदल फार लहान झाला की तो थांबतो. ‘ईपानेट’मध्ये ही मर्यादा, मुद्दाम बदलली नाही तर, एकूण प्रवाहाच्या एक हजारांश असते. थांबणे आणि पोहोचणे यांत अंतर असू शकते. मर्यादा आणखी कडक करून तोच हिशेब पुन्हा करण्यास अभियंत्यांना सांगावे. आकडे हलले नाहीत तर बरे.

याउपर एक ताळा असा आहे की तो गणिताचा नव्हेच. तक्त्यातील दाबाच्या स्तंभात कोठे उणे चिन्ह आहे काय, ते पाहावे. ‘ईपानेट’ची मूळ पद्धत अशी की, प्रत्येक वस्तीस ठरलेले पाणी मिळतेच असे ती गृहीत धरते आणि त्यासाठी किती दाब असेल ते काढते. उंचावरील वस्तीपर्यंत पाणी चढूच शकत नसेल तर उत्तर उणे दाबाचे येते. प्रणाली तशी सूचनाही देते. समीकरणे सुटलेली असतात, शेष नगण्य असतो आणि तक्त्यात त्या वस्तीपुढे ‘पुरवठा ३ लिटर’ असे नीटनेटके छापलेले असते. नळाला मात्र पाणी येत नाही. दाब कमी असेल तेथे पुरवठाही कमी होतो असे धरून हिशेब करण्याची सोय ‘ईपानेट’च्या २०२० सालच्या आवृत्तीपासून मिळू लागली, उंचसखल गावांच्या आराखड्यात ती वापरली आहे की नाही, हे विचारण्याजोगे आहे.

योजना सुरू झाल्यानंतर सकाळी पाणी सोडण्याच्या वेळी शेवटच्या वस्तीवरील नळाला दाबमापक लावता येतो. त्यावरील काटा आणि तक्त्यातील त्याच वस्तीसमोरचा आकडा शेजारी शेजारी लिहून ठेवावेत. पाच-सात ठिकाणी असे केले म्हणजे कोणत्या वाहिनीचा खरखरीतपणा चुकीचा धरला गेला, कोठे झडप अर्धवट बंद राहिली आणि कोठे गळती आहे, याचा माग त्या दोन स्तंभांतील फरकावरून लागू शकतो.